आरएनएचा एनएमआर

एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) म्हणजे तगड्या मॅग्नेटमध्ये सॅम्पल ठेवायचं, रेडिओ लहरींचा पल्स मारायचा आणि अणूंच्या केंद्रकांकडून येणारा सिग्नल टिपायचा. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, महापे-रबाळेकडे फार्मात काम करणाऱ्यांना हे मशीन नवीन नाही, पण तिथे बघायचं असतं ते छोटा रेणू बरोबर बनलाय का आणि शुद्ध आहे का. आरएनएला, म्हणजे डीएनएच्या भावंड रेणूला, 600 मेगाहर्ट्झ किंवा त्यावरचं मशीन बरं पडतं (600 म्हणजे 14.1 टेस्ला), त्यामुळे वाशी-खारघरचा विद्यार्थी हार्बरने सीएसएमटी गाठतो आणि पुढे बसने कुलाब्याला टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था), तिथे हाय-फील्ड एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे.

खरी कटकट सॅम्पलची. आरएनए टी7 पॉलिमरेज नावाचं एन्झाइम वापरून ट्यूबमध्येच बनवतात, ग्लोव्ह्ज घालून, कारण बोटांवरचं आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) सगळं खाऊन टाकतं. मग हेअरपिन, म्हणजे एकाच धाग्याची स्वतःवरच दुमडलेली घडी, हवी असेल तर 95 डिग्रीला तापवून लगेच बर्फात, नाहीतर दोन रेणू एकमेकांना चिकटून बसतात.

पहिल्यांदा बघायचा तो 10 ते 15 पीपीएमचा भाग (पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमवर पीक कुठे आहे त्याचं माप), आणि माझ्या मते अख्ख्या स्पेक्ट्रममध्ये सगळ्यात कामाचा तोच. आरएनएच्या ए, यू, जी, सी या चार बेसपैकी जी आणि यू यांच्यावर इमिनो प्रोटॉन (नायट्रोजनला लागलेला हायड्रोजन) असतो, तो हायड्रोजन बाँडमध्ये अडकलेला असला तर दिसतो, मोकळा असला की पाण्याशी अदलाबदल होऊन बहुतेक वेळा गायब. जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं) तर या प्रोटॉनच्या जागी ड्युटेरियम बसतो आणि पीक जातो, म्हणून सॅम्पल 90 टक्के साध्या पाण्यात, जड पाणी फक्त 10 टक्के. ए-यू जोडीचा पीक साधारण 13 ते 15 ला, जी-सीचा 12 ते 13.5 ला, जी-यूचे दोन पीक 10 ते 12 मध्ये. आरएनए नीट घडी घालून बसलाय की नाही ते काही मिनिटांत कळतं.

पुढे मात्र अवघड होतं, कारण बेस चारच, म्हणून पीक एकमेकांसारखेच, आणि आरएनएमधल्या शर्करेचे बरेचसे प्रोटॉन 4 ते 5 पीपीएममध्ये सकाळच्या ठाणे स्टेशनच्या ब्रिजसारखे कोंबलेले. त्यावर उपाय म्हणजे एनएमआरला दिसणारे कार्बन-13, नायट्रोजन-15 लावलेले न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीचे मणी), महाग प्रकरण. नोएसी प्रयोगात 5-6 अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आतले प्रोटॉन एकमेकांना दिसतात आणि त्यावरून रचना काढतात. 1998 पासून एचएनएन-कोझी नावाच्या प्रयोगाने हायड्रोजन बाँडच थेट दाखवता येतो, तेव्हा जोडीबद्दल अंदाज बांधायची गरज राहत नाही.

लांब आरएनए अजूनही त्रास देतो, तरी एचआयव्हीच्या पॅकेजिंग सिग्नलची (विषाणूत आरएनए भरायची खूण असलेला तुकडा) 155 न्यूक्लिओटाइडची रचना 2015 मध्ये निघालीच. एनएमआरची जास्त मजा हालचालीत आहे: एचआयव्हीच्याच टार नावाच्या आरएनए तुकड्यामधला तीन बेसचा फुगवटा एका जागी थांबत नाही, आणि क्रिस्टलमध्ये गोठलेल्या रेणूत ही वळवळ अशी दिसत नाही.