दगड आधी दिसायला हवा

१५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सूर्यालाही फिकं पाडेल असा उजेड पडला. काय झालं ते बघायला लोक खिडक्यांशी धावले. उजेड लगेच पोहोचला होता, हादरा अजून वाटेत होता. दोनेक मिनिटांनी तो आला आणि शहरभर काचा फुटल्या. सुमारे १,५०० जण जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांमुळेच. एका शाळेत मात्र उजेड दिसताच शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना बाकांखाली बसायला लावलं. मुलं सुखरूप राहिली. उभ्या राहिलेल्या शिक्षिकेच्या हाताला काच लागली.

हा उजेड अवकाशातून आलेल्या एका दगडाचा होता, जेमतेम २० मीटरच्या. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे तो एकाही दुर्बिणीला दिसला नाही. त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार, हे मात्र खगोलशास्त्रज्ञांना वर्षभर आधीपासून माहीत होतं. त्या दोन दगडांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता.

पृथ्वीच्या संरक्षणाचा विषय निघाला की रॉकेटं आणि अणुबॉम्बच आधी डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते ते या गोष्टीचं शेवटचं पान आहे. आधीची सगळी पानं असे दगड शोधण्याची आहेत, आणि तीच सर्वांत जास्त रखडली.

मुळात आकाशातून एवढं मोठं संकट येऊ शकतं, हे पटायलाच वेळ लागला. ३० जून १९०८ रोजी सैबेरियात तुंगुस्का नदीजवळ झालेल्या स्फोटाने २,००० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवं केलं. तिथे पहिली वैज्ञानिक मोहीम पोहोचली १९२७ मध्ये, लिओनिद कुलिक यांची. त्यांना विवर सापडलंच नाही, कारण दगड हवेतच फुटला होता. ॲरिझोनातलं सव्वा किलोमीटर रुंदीचं विवर ज्वालामुखीचं की धडकेचं, हा वाद तर १९६० पर्यंत चालला. भूवैज्ञानिक युजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे कोएसाइट हे खनिज सापडलं. ते तयार व्हायला लागणारा प्रचंड दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, तो धडकेत होतो. पुढे १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह, डायनोसॉरच्या अंताशी लघुग्रहाची धडक जोडली. मातीच्या एका पातळ थरात इरिडियम हा धातू प्रमाणाबाहेर सापडला होता, त्यावरून; तो पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ असतो, लघुग्रहांत मात्र बराच.

उपायाचा पहिला नीट हिशोब त्याआधीच झाला होता. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक पॉल सँडॉर्फ यांनी विद्यार्थ्यांना एक प्रश्न घातला: इकारस हा लघुग्रह पुढच्या वर्षी पृथ्वीवर आदळणार आहे असं समजा, काय कराल? इकारस प्रत्यक्षात लाखो किलोमीटर लांबून जाणार होता. विद्यार्थ्यांनी चंद्रमोहिमेसाठी बनत असलेली सहा सॅटर्न-५ रॉकेटं आणि प्रत्येकावर १०० मेगाटनचा अणुबॉम्ब अशी योजना आखली. सॅटर्न-५ ने तोवर एकदाही उड्डाण केलं नव्हतं! याच वर्षी अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी घातली.

गरज बॉम्बची आणि बॉम्बलाच मनाई, ही कोंडी पुढेही सुटली नाही. शीतयुद्ध संपताच, १९९२ च्या सुरुवातीला, लॉस अलामोस या अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत लघुग्रह अडवण्यावर परिषद भरली आणि हायड्रोजन बॉम्बचे जनक मानले जाणारे एडवर्ड टेलर तिथे हजर होते. क्षेपणास्त्रं अडवण्यासाठी विकसित केलेली उपकरणं आता लघुग्रहांकडे वळवावीत, हा विचार तेव्हा जोरात होता. १९९४ मध्ये कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो या खगोलशास्त्रज्ञांनी त्यावर बोट ठेवलं: जे तंत्र दगडाला पृथ्वीपासून दूर ढकलू शकतं, तेच त्याला पृथ्वीकडेही वळवू शकतं. मला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. धडक शेकडो वर्षांतून एखाद्या वेळी होणार. हत्यार मात्र रोज कुणाच्या तरी हाती असणार.

शोधाचं काम मात्र कुणाला घाबरवत नाही. मार्च १९८९ मध्ये एक लघुग्रह चंद्राच्या दुपटीहून कमी अंतरावरून गेला आणि तो निघून गेल्यानंतर आठवड्याने सापडला. त्या धक्क्यानंतर अमेरिकी संसदेने अभ्यास करायला सांगितलं. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले. गुरूच्या ढगांवर उमटलेले, पृथ्वीएवढे काळे डाग साध्या दुर्बिणीतूनही दिसत होते. त्यानंतर कुणाला पटवत बसावं लागलं नाही. १९९८ मध्ये नासाने पृथ्वीजवळून जाणारे, एक किलोमीटरहून मोठे ९० टक्के लघुग्रह शोधण्याचं काम अंगावर घेतलं आणि ते पुढे पार पडलं. २००५ च्या कायद्याने मर्यादा १४० मीटरवर आणली, मुदत २०२० ठेवली. ती मुदत उलटून गेली. १४० मीटरहून मोठ्या अंदाजे २५,००० लघुग्रहांपैकी निम्मेही अजून सापडलेले नाहीत.

शोधाला एवढं महत्त्व का, ते एका गुणाकारात कळतं. दगडाचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटीमीटरने बदलला तर दहा वर्षांत तो तीन हजार किलोमीटर सरकतो. धक्का त्याच्या गतीच्या दिशेने दिला तर कक्षेचा कालावधीही बदलतो आणि फरक तिपटीच्या आसपास जातो. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. म्हणजे दहा वर्षं आधी दिसलेल्या दगडाला बॉम्ब लागेलच असं नाही. हातात दहाच दिवस असतील, तर मात्र बॉम्बचाही भरवसा नाही.

२६ सप्टेंबर २०२२ ला बॉम्बशिवाय असा धक्का देऊन पाहिला गेला. नासाचं डार्ट हे सुमारे ५८० किलोचं यान, डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या, डिमॉर्फस नावाच्या १६० मीटरच्या दगडावर सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने आदळलं. यानाने पाठवलेल्या चित्रांत ठिपक्याचा दगड होत गेला, दगडावरचे गोटे सुटे दिसू लागले आणि शेवटचं चित्र अर्धवटच पोहोचलं. यशासाठी कक्षेचा कालावधी ७३ सेकंदांनी बदलणं पुरेसं ठरवलं होतं. तो सुमारे ३३ मिनिटांनी घटला, कारण उडालेल्या दगडमातीनेही उलटा धक्का दिला होता. डिमॉर्फसचा वेग मात्र सेकंदाला तीनेक मिलिमीटरनेच बदलला. जवळून पाहणीसाठी युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं.

डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता काही दिवस तीन टक्क्यांवर गेली होती. आणखी निरीक्षणं आली आणि ती मावळली. तोही पृथ्वीजवळून निघून गेल्यानंतर दोन दिवसांनी सापडला होता, दिवसाच्या बाजूने आल्यामुळे, चेल्याबिन्स्कच्या दगडासारखाच. ही आंधळी बाजू कमी करण्यासाठी नासाची निओ सर्व्हेयर ही अवरक्त दुर्बीण पृथ्वीपासून सूर्याकडे १५ लाख किलोमीटरवर ठेवली जाणार आहे. तिचं उड्डाण सप्टेंबर २०२७ च्या आधी होणार नाही.