‘अब्हॉर’ आणि ‘डिटेस्ट’ : अंगावरचा काटा आणि देवाची साक्ष

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अनुवाद शिकवताना एक अडचण दरवर्षी येते. ‘अब्हॉर’ आणि ‘डिटेस्ट’ या दोन्ही इंग्रजी क्रियापदांपुढे त्यांच्या छोट्या शब्दकोशांत ‘तिरस्कार करणे’ एवढेच छापलेले असते, आणि मुले जे आधी आठवेल ते लिहून मोकळी होतात.

दोन्ही शब्द मूळचे लॅटिन, पण त्यांची घराणी वेगळी आहेत. ‘अब्हॉर’मध्ये केस ताठ उभे राहणे, शहारणे या अर्थाचा धातू असून त्याला ‘पासून दूर’ असे सांगणारा उपसर्ग लागला आहे. म्हणजे मूळ अर्थ शहारून मागे सरणे. ‘हॉरर’ याच धातूचा. संस्कृतातील ‘हृष्’ हाही त्याच कुळातला मानतात. अंगावर काटा येण्याच्या एकाच अनुभवातून लॅटिनने भय उचलले आणि आपल्याकडे ‘रोमहर्षण’ व ‘हर्ष’ आले, ही गंमत वर्गात सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ‘डिटेस्ट’मध्ये मात्र ‘साक्षीदार’ या अर्थाचा शब्द दडला आहे. ‘प्रोटेस्ट’ आणि आपल्या कचेऱ्यांतले ‘अटेस्टेड’ हे त्याचेच भाऊबंद. देवाला साक्षी ठेवून शाप देणे हा त्याचा जुना अर्थ आता इंग्रजीतूनही गेला आहे.

यावरून ‘अब्हॉर’ म्हणजे किळस आणि ‘डिटेस्ट’ म्हणजे नैतिक धिक्कार असे कोणी ठरवील, तर त्याची फसगत होईल, कारण आजच्या वापरात दोघांनी जवळजवळ जागा बदलल्या आहेत. शरीरातून आलेला शब्द तत्त्वाच्या बाजूला गेला, आणि देवाला हाक मारणारा रोजच्या वैतागात उतरला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहावरील निबंधात ‘अस्पृश्यतेची मला घृणा वाटते’ असे वाक्य असेल, तर तेथे ‘अब्हॉर’ शोभतो, कारण नकार एका प्रथेला आहे आणि तो तत्त्व म्हणून आहे. (दुसऱ्याच्या स्पर्शाने शहारणाऱ्यांची ती प्रथा नाकारायलाही शहाऱ्याचाच शब्द लागावा, हे विचित्र खरे.) द्वारका चौकातील कोंडीत अडकण्याचा तिटकारा सांगायला ‘डिटेस्ट’ नेमका आहे, तेथे ‘अब्हॉर’ फार भारदस्त वाटतो. मात्र ‘डिटेस्ट’ला सौम्य समजू नये. ‘हेट’पेक्षा तो जोरकस आहे, आणि एखाद्या माणसाविषयीचा पराकोटीचा राग त्यातून सहज व्यक्त होतो.

व्याकरणाचे थोडेच आहे. ‘डिटेस्ट’पुढे क्रिया सांगायची तर क्रियापदाचे ‘इंग’ रूप येते, ‘टू’ नव्हे. उलट ‘अब्हॉरंट’ या विशेषणापुढे, ती गोष्ट कोणाला घृणास्पद वाटते हे सांगताना, ‘टू’च लागतो. ‘अब्हॉर’चा भूतकाळ लिहिताना शेवटच्या ‘आर’चे द्वित्व होते, आणि उत्तरपत्रिकांत सर्वाधिक गुण तेथेच जातात.