सीसी वाढवली की गाडी पळते? तसं नाही

सोलापुरात सात रस्त्यावर जुन्या गाड्यांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास येतं: "सीसी वाढव, पावर आपोआप येते." हा समज अर्धवट आहे.

जुन्या पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारचीच गोष्ट घ्या. १९६९ च्या ९११ एस मॉडेलचं इंजिन १९९१ सीसीचं, ताकद १७० हॉर्सपॉवर. १९७२ च्या ९११ टीचं इंजिन २३४१ सीसीचं, तरी युरोपात ताकद १३०. घराणं एकच, सीसी साडेतीनशेने जास्त, आणि ताकद चाळीसने कमी! फरक मुख्यतः कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) आणि कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं त्याचा). सीसी फक्त सिलिंडरमधली जागा सांगते. मिनिटाला किती हवा आत-बाहेर होते, ते बाकीचे भाग ठरवतात.

मग मोठं इंजिन वाया? अजिबात नाही. एसचा पूर्ण जोर (टॉर्क) ५५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला ५५०० फेऱ्यांना लागतो, टीचा ४००० लाच, आणि तो थोडा जास्तही आहे. होटगी रोडच्या गर्दीत ५५०० पर्यंत नेणार कधी? रोज चालवायची असेल तर मला टीच बरी वाटते. पुणे हायवेवर ओढायची हौस असेल तर एस.

बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून, सीसी वाढवताना सिलिंडरची भिंत पातळ होते. चाळिशी पार करणाऱ्या सोलापुरी उन्हात ते महागात पडू शकतं. आणि हो, इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. गॅरेजवाला सहसा हे सांगत नाही.