ओबरलिगा आणि ओबरलिगा: नाव तेच, मजला वेगळा

"नॉयनकिर्शेनचा बोरुसिया हा पाचव्या श्रेणीतला क्लब १९५९ साली डीएफबी पोकालच्या (जर्मन फुटबॉल चषकाच्या) अंतिम सामन्यात पोहोचला." जर्मनीच्या छोट्या शहरांतल्या फुटबॉल क्लबांबद्दल अशी वाक्यं सतत वाचायला मिळतात. यातला अंतिम सामना खरा आहे. तो श्वार्झ-वाइस एसेनने ५–२ असा जिंकला. पाचवी श्रेणी मात्र साफ चूक. लिहिणाऱ्याने क्लबच्या इतिहासात 'ओबरलिगा' हा शब्द वाचला आणि आजच्या ओबरलिगाचा क्रमांक थेट १९५९ ला चिकटवला.

जर्मन लीगची आजची उतरंड, वरून खाली, बहुतेकांना पाठ असते: बुंडेसलिगा, दुसरी बुंडेसलिगा, तिसरी लिगा, रेगिओनाललिगा आणि मग ओबरलिगा. पाचव्या श्रेणीचे चौदा गट. बायर्न, हेसेन, ब्रेमेन इथे नाव थोडं वेगळं, पायरी तीच. यात अडण्यासारखं काही नाही.

जुनी ओबरलिगा ही वेगळीच गोष्ट. १९६३ पर्यंत पश्चिम जर्मनीत देशभराची एक लीगच नव्हती. उत्तर, पश्चिम, नैर्ऋत्य, दक्षिण आणि बर्लिन अशा पाच ओबरलिगा होत्या आणि त्यांच्या वर एकही लीग नव्हती. म्हणजे ओबरलिगात खेळणं हेच देशातल्या सर्वोच्च पातळीवर खेळणं. प्रत्येक विभागातले वरचे संघ हंगामाअखेर विजेतेपदाच्या अंतिम फेरीत उतरत आणि जर्मन विजेता तिथे ठरे. त्यामुळे ओबरलिगा जिंकलेल्या क्लबला थेट 'जर्मन विजेता' म्हणणं हीसुद्धा चूकच, फक्त उलट्या बाजूची. खेळाडू 'करारबद्ध' असत. १९४९ च्या सुमारास त्यांच्या महिन्याच्या पगाराला ३२० मार्कांची मर्यादा होती, त्यामुळे दुसरी नोकरी करणं बहुतेकांना भागच होतं. पण म्हणून ही लीग आजच्या अर्थाने हौशी ठरत नाही.

खरी गुंतागुंत नावाच्या प्रवासात आहे. ओबरलिगा झ्युडवेस्ट, म्हणजे नैर्ऋत्येची ओबरलिगा, घेऊ. १९४५ ते १९६३ ती पहिल्या श्रेणीत होती. मग बुंडेसलिगा आली आणि नैर्ऋत्येत ओबरलिगा हे नावच पंधरा वर्षं गायब झालं. १९७८ मध्ये ते परत आलं ते तिसऱ्या श्रेणीसाठी. १९९४ मध्ये मधे रेगिओनाललिगा घातली गेली आणि ओबरलिगा चौथ्या श्रेणीत गेली. २००८ मध्ये वर तिसरी लिगा आली, ओबरलिगा पाचवीत. २०१२ मध्ये नाव ओबरलिगा ऱ्हाइनलांड-फाल्झ/झार असं बदललं. एकच पाटी, चार मजले.

यातून निघणारी एक गोष्ट जवळजवळ कोणीच लक्षात घेत नाही: क्लब एकदाही खालच्या लीगमध्ये ढकलला गेला नाही तरी तो घसरू शकतो. १९९३ मध्ये ओबरलिगात, १९९५ मध्ये ओबरलिगात, २००९ मध्येही ओबरलिगात. गुणतक्त्यात काहीच हललेलं दिसत नाही, पण क्लब तिसऱ्या श्रेणीतून पाचवीत आलेला असतो. म्हणून 'इतकी वर्षं ओबरलिगात टिकून होता' या कौतुकाला सालाशिवाय काहीही अर्थ नाही.

आता नॉयनकिर्शेनकडे पुन्हा पाहा. कोळसा आणि पोलादावर उभं राहिलेलं झारलांडमधलं शहर. क्लबची स्थापना १९०५ ची, मैदान एलेनफेल्ड. १९६२ मध्ये त्याने ओबरलिगा झ्युडवेस्ट जिंकली, म्हणजे कायझर्सलाउटर्न आणि झारब्र्युकेन यांच्या वर राहून पहिल्या श्रेणीतलं विभागीय विजेतेपद. तरीही १९६३ मध्ये नव्या बुंडेसलिगाच्या १६ जागांत त्याचं नाव नव्हतं. नैर्ऋत्येला दोनच जागा होत्या आणि त्या याच दोन शेजाऱ्यांना मिळाल्या. नॉयनकिर्शेन रेगिओनाललिगात गेला, १९६४ मध्ये बढती फेरीत बायर्न म्युनिक ज्या गटात होता तोच गट जिंकून वर आला आणि बुंडेसलिगातल्या आपल्या पहिल्याच हंगामात दहावा राहिला.

इथे दुसरी ठेच लागते. 'रेगिओनाललिगातून बुंडेसलिगात' वाचून लोक त्याने तीन पायऱ्या एका उडीत ओलांडल्या असं लिहितात. १९६३ ते १९७४ रेगिओनाललिगा दुसरी श्रेणी होती. १९९४ पासून तिसरी, २००८ पासून चौथी. उडी एकाच पायरीची होती, आणि तीच पुरेशी मोठी आहे. ऐंशीच्या दशकात हाच क्लब पुन्हा 'ओबरलिगा झ्युडवेस्ट'मध्ये दिसतो, पण ती तिसरी श्रेणी. १९६२ च्या विजेतेपदाशी तिचं नातं फक्त नावाचं.

पूर्व जर्मनीची डीडीआर-ओबरलिगा वेगळी ठेवा. ती १९९१ मध्ये बंद होईपर्यंत पहिल्या श्रेणीतच होती. आणि 'बोरुसिया' म्हणजे प्रशियाचं लॅटिन नाव. हेच नाव लावणाऱ्या डॉर्टमुंड किंवा म्योन्शनग्लाडबाख या क्लबांशी नातं शोधत बसू नये.

क्लबचा इतिहास वाचताना आधी साल पाहा, मग लीगचं नाव. साल १९६३, १९७४, १९७८, १९९४ आणि २००८ या पाच वर्षांच्या कोणत्या बाजूला पडतं ते ठरवलं की श्रेणी आपोआप कळते. या वर्षांत नवी रचना उन्हाळ्यानंतरच्या हंगामापासून लागू झाली, त्यामुळे '१९९४ ची ओबरलिगा' असं मोघम न लिहिता १९९३-९४ की १९९४-९५ ते स्पष्ट लिहा. पहिलीत क्लब तिसऱ्या श्रेणीत असतो, दुसरीत चौथ्या. लिहिताना प्रत्येक उल्लेखापुढे श्रेणीचा आकडा टाका: 'ओबरलिगा झ्युडवेस्ट, १९६१-६२, पहिली श्रेणी'.