धर्मादाय हॉस्पिटलचा २ टक्के फंड : पार्श्वभूमी

धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, हॉस्पिटलात गरिबांसाठी बेड राखीव असतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, भांडण आहे ते हिशोबाचं. ट्रस्टचा कायदा १९५० चा, त्यात गरिबांसाठी बेड ठेवायला लावणारं कलम ४१ कक नंतर आलं आणि बरीच वर्षं कागदावरच राहिलं.

खरा फरक पडला २००६ ला. एका जनहित याचिकेत हायकोर्टाने स्कीम ठरवून दिली, १ सप्टेंबरपासून लागू. १० टक्के बेड निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, इमर्जन्सीत डिपॉझिट न मागता भरती आणि दर महिन्याला धर्मादाय कार्यालयाला रिपोर्ट. त्यातच तो २ टक्क्यांचा फंड. लोकांना वाटतं हॉस्पिटल नफ्यातले २ टक्के देतं, तसं नाहीये, बाकीच्या पेशंटच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि गरिबाचं औषध, इम्प्लांट खरेदीच्या भावाने त्यातून वळतं करायचं, बेड, नर्सिंग, जेवण तर बिलात धरायचंच नाही. म्हणजे रिपोर्टात नुसते बेड मोजून भागत नाही, कोणता खर्च फंडात टाकला तेही बघावं लागतं. नाहीतर काउंटरवर 'फंड संपला' म्हटलं की विषय संपतो, आणि नातेवाईक बिचारे पिवळं रेशनकार्ड नाहीतर तहसीलदाराचा दाखला घेऊन उभेच.

मध्येच सरकारी विमा योजना (राजीव गांधी जीवनदायी) आली. २ जुलै २०१२ ला पहिल्या ८ जिल्ह्यांत धुळे होतं, जळगाव-नंदुरबारला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. पारोळ्याहून धुळं जवळ, पण रेशनकार्ड जळगाव जिल्ह्याचं! विमा योजनेत ऑपरेशनआधी ऑनलाइन मंजुरी लागायची, धर्मादायचा रिपोर्ट मात्र महिना उलटल्यावर, त्यामुळे आज दारात उभ्या पेशंटला त्याचा उपयोग शून्य.

धर्मादाय स्कीममधली निर्धन आणि दुर्बल घटकांसाठीची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे २५,००० आणि ५०,००० वरून वाढत वाढत १,८०,००० आणि ३,६०,००० वर गेली, हे चांगलंच झालं. मग २०२५ ला पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला आणि रिकामे बेड ऑनलाइन दाखवा हा आग्रह वाढला. मोठी धर्मादाय हॉस्पिटलं बहुतेक मुंबई-पुण्याकडे, त्यामुळे नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याहून गाडी करून निघणाऱ्याला बेड आहे का हे घरूनच कळायला पाहिजे.