फ्रेंचमधले दोन ‘मी’: ज आणि म्वा

फ्रेंच शिकणारा मराठी माणूस सुरुवातीला हमखास अडखळतो तो इथे. दार वाजतं, आतून विचारतात, “की ए ला?” कोण आहे? मराठीत आपण “मी” म्हणतो, म्हणून तो “ज” म्हणतो (‘बोंजूर’मधला ज). फ्रेंच कानाला ते तोडलेलं वाक्य वाटतं, पुढे क्रियापद यायचं राहिलंय असं. उत्तर हवं “म्वा”.

अर्थ दोन्हींचा ‘मी’च. पण म्वा स्वतःच्या पायावर उभा असतो: “पिएर ए म्वा” (पिएर आणि मी), “म्वा ओसी” (मीसुद्धा). ज-ला यातलं काही जमत नाही. त्याला क्रियापद लागतंच, आणि दोघांच्या मध्ये नकाराचा ‘न’ किंवा ज-सारखीच चिमुकली सर्वनामं सोडून काही खपत नाही. आपल्या ‘मीच’मधला ‘च’ एकटा उच्चारून पाहा, म्हणजे ज-ची अवस्था कळेल. भरभर बोलताना तर “ज स्वी” (मी आहे) याचं “श्वी” होतं. ज जवळजवळ विरघळतो. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड केन यांनी १९७५च्या ‘फ्रेंच सिंटॅक्स’ या पुस्तकात अशा कसोट्या पद्धतशीर वापरल्या.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या फ्रेंचमध्ये ज सुटा उभा राहायचा. त्याची खूण सरकारी कागदांवर अजून आहे: “ज सुसिन्ये…”, म्हणजे ‘मी, खाली सही करणारा…’, मग नाव, आणि क्रियापद त्यानंतर.

खरी गंमत पुढे आहे. ‘जातो’, ‘जातोस’ यांत कर्ता कळतो, म्हणून मराठीत ‘मी’ गाळला तरी चालतो. फ्रेंचमध्ये ‘ज पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल’ (मी, तू, तो बोलतो): लिहिताना ‘त्यू’च्या रूपाला तेवढा एक ‘s’ जास्त लागतो, उच्चार मात्र तिन्हींचा तोच. शिवाय बोलताना लोक सर्रास “म्वा, ज पार्ल” म्हणतात. म्हणून काही भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, खरा कर्ता म्वा. ज हा क्रियापदाच्या आधी लागणारा प्रत्ययच झालाय, आपल्या ‘-तो’, ‘-तोस’सारखा.

मला हे पूर्ण पटत नाही. “इल माँज ए ब्वा” (तो खातो आणि पितो) यात एकच ‘इल’ दोन क्रियापदांना पुरतो. ‘खातो आणि पि-’ असं आपण म्हणू शकत नाही. प्रत्यय प्रत्येक क्रियापदाला लावावाच लागतो. पण रोजच्या बोलण्यात हा ‘इल’ही बहुतेकदा दुसऱ्यांदा येतोच, त्यामुळे प्रत्ययवाल्यांची बाजूही सोडवत नाही.