पार्श्वसंगीत की ध्वनियोजना? हिचकॉकच्या दोन श्रेयनामावल्या

भयपटाची सुरुवात अंगावर आली की ‘म्युझिक जबरदस्त आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. तो परिणाम पार्श्वसंगीताचा (फक्त प्रेक्षकाला ऐकू येणाऱ्या संगीताचा) होता की ध्वनियोजनेचा (चित्रपटातल्या इतर आवाजांच्या मांडणीचा), हे सहसा कोणी पाहत नाही. ही गल्लत सोडवण्यासाठी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) आणि ‘द बर्ड्स’ (१९६३) या चित्रपटांच्या श्रेयनामावल्या पाठोपाठ ऐकाव्यात. बर्नार्ड हरमन यांचे नाव दोन्हींत आहे. पहिल्यात संगीतकार म्हणून, तर दुसऱ्यात ध्वनी-सल्लागार म्हणून.

‘सायको’साठी हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली. श्रेयनामावलीत एकही तालवाद्य नाही, तरीही व्हायोलिन आणि चेलोंचे गज इतक्या ठाशीव लयीत तारांवर आदळतात की तालाची उणीव भासत नाही. पडद्यावर श्रेयनामावलीची दृश्यरचना करणाऱ्या सॉल बास यांच्या पट्ट्या सरकत असतात आणि अक्षरे तुटून पुन्हा जुळत असतात. भीतिदायक असे काहीच दिसत नाही. ताण निर्माण होतो तो स्वरांतून. षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद असे चार स्वर एकाच वेळी वाजतात. षड्जाकडे झेपावू पाहणारा निषाद त्याच षड्जाशी टक्कर घेत राहतो आणि सुटका लांबते. (पटदीप रागात हाच गंधार आणि हाच निषाद कानाला गोड लागतात, कारण तिथे ते एकामागून एक येतात.) पुढे पैसे चोरून गाडीने निघालेल्या मेरियन या पात्राच्या प्रसंगात हेच संगीत परत येते. पडद्यावर स्टिअरिंगमागे बसलेली एक स्त्री आणि समोरचा रस्ता एवढेच असते. कोणीतरी तिच्या मागावर असल्याची भावना संगीत पुरवते, आणि ते संगीत तिला स्वतःला ऐकू येत नाही.

‘द बर्ड्स’ला रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत नाहीच. नायिका मेलनी पियानो वाजवते, शाळेतली मुले गाणे म्हणतात, पण हे सारे कथेच्या आत घडते. श्रेयनामावलीत काळ्या पक्ष्यांच्या आकृत्या फडफडत जातात आणि पंखांचे व चीत्कारांचे आवाज ऐकू येतात. ते आवाज रानात जाऊन ध्वनिमुद्रित केले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात चित्रपटातील पक्ष्यांचे कितीतरी आवाज ऑस्कर साला आणि रेमी गासमान यांनी ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर घडवलेले आहेत. इथे लय नसल्यामुळे पुढचा चीत्कार कधी येईल आणि किती वेळ टिकेल याचा अंदाज कानाला बांधता येत नाही. ‘सायको’तील ठोका पुढच्या क्षणाची वाट पाहायला लावतो, तर इथे वाट पाहण्यासाठी आधारच उरत नाही.

नामावली संपताच सॅन फ्रान्सिस्कोचा युनियन स्क्वेअर दिसतो. एक मुलगा शीळ घालतो, मेलनी हसत वळते, आणि शहरावर घिरट्या घालणारे समुद्रपक्षी तिच्या नजरेस पडतात. त्यानंतर ती पक्ष्यांच्या दुकानात शिरते, तर तिथेही पिंजऱ्यांतून किलबिलाट चालू असतो. तिला या आवाजांचे काहीच वाटत नाही; आपल्याला वाटते, कारण नामावलीने आपले कान आधीच तयार केलेले असतात. पात्रांना ऐकू येणाऱ्या, पण त्यांच्या दृष्टीने निरर्थक अशा आवाजाला प्रेक्षकापुरता अर्थ चिकटवणे, हे ध्वनियोजनेचे खरे बळ मला इथे दिसते.

मात्र पात्राला ऐकू येते की नाही, एवढ्याच कसोटीवर विसंबता येत नाही. ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’च्या (१९७४) आरंभी अंधारात उकरण्याचे आवाज येतात आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या लखलखाटात प्रेताचे तुकडे दिसतात. प्रत्येक लखलखाटाबरोबर एक कर्कश, किंचाळल्यासारखा ध्वनी उमटतो. फ्लॅश कथेतलाच आहे, त्यामुळे ध्वनीही कथेतला मानता येईल. पण त्याचे काम एखाद्या संगीतकाराने नेमक्या जागी टाकलेल्या आघातासारखे आहे. दिग्दर्शक टोबी हूपर आणि वेन बेल यांनी या चित्रपटाचे संगीतच अशा विचित्र आवाजांतून रचले असल्याने, तिथे कोणता आवाज कोणत्या रकान्यात टाकायचा हे दर वेळी त्या प्रसंगापुरतेच ठरवावे लागते.